खिशांतला डबा

घड्याळ लावलेलं कोडं मला आवडत नाही.
विचार करणाऱ्याच्या मानेवर टिकटिक सोडणं
हा खेळ नव्हे, ही मुकादमाची सवय,
आणि मुकादम मला लाँड्रीत आहे तेवढा पुरे.

तार्तूच्या इस्पितळात, तळघरात, रात्रपाळी:
चादरी, गाऊन, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे.
यंत्रात टाकण्याआधी खिसे चाचपायचे, हा नियम.
सकाळी सहाला सुटते, बर्फ तुडवत घरी येते,
राईच्या पावावर लोणी फासते
आणि पडदे ओढून, झोपेआधी तासभर,
कुणीतरी सोडून गेलेल्या बेटावर उतरते.

चांगला गेम पहिल्याच खोलीत ओळखता येतो.
तो गप्प असतो.
वाईट गेममधला नायक दहाव्या सेकंदाला पुटपुटतो,
“तो दांडा ओढून पाहावा का?”
अरे, ओढ ना मग तूच.
मला कशाला बसवलंस इथे?

आणि ते बादरायण संबंध!
गोठलेला मासा, शिडीची पायरी, विधवेचा चष्मा
जोडले की म्हणे बोटीचं सुकाणू होतं.
असलं कोडं सुटत नाही, नुसतं संपतं.
सुटलं की स्वतःचाच राग यायला हवा:
इतका वेळ समोर तर होतं!

चक्रव्यूहांबद्दल मी बोलणारच नाही.
बोलते. चौकटीच्या वहीत एक काढला होता,
अकरा पानं,
आणि शेवटी कळलं, तो दर वेळी बदलतो.
ज्याने रचला त्याला आमच्या इस्त्रीच्या यंत्रावर
एक उन्हाळा द्यावा.

आयगारला यातलं काही पटत नाही.
आयगार चादरीचं दुसरं टोक धरतो, बारा वर्षं.
तोही तोच गेम खेळतो, पण अडला की उत्तर शोधतो,
आयत्या बिळावर नागोबा,
आणि वर म्हणतो, “मला गोष्ट पुढे न्यायची असते, माइरे,
कुलपांशी संसार नाही करायचा.”

जानेवारीत मी दीपगृहाच्या दारापाशी अडले.
सात घंटा, सात दोऱ्या, एक दोरी ओली.
नऊ दिवस.
दहाव्या रात्री घडी घालताना
चादरीच्या मधोमध आम्ही भेटलो
आणि तो सहज बोलून गेला,
“ओली सोडून बाकीच्या ओढ.”

मी चादर तशीच सोडली. जमिनीवर.

पंधरा दिवस अबोला.
पण ती चादर एकटीच्या हाताने घडी होत नाही.
म्हणून मुक्यानेच: टोकाला टोक, मागे, पुढे,
बोटं बोटांना लागायची,
नजर यंत्रावर.

माझ्या कपाटात बिस्किटांचा एक डबा आहे.
खिशांतून निघालेलं, कुणी परत न मागितलेलं:
सायकलची किल्ली,
बाळाच्या मनगटाची पट्टी,
बसचं तिकीट, मागे पेन्सिलीने,
“सोमवारपर्यंत आईला सांगू नकोस.”
गेममध्ये खिशात आलेली वस्तू
कुठे ना कुठे लागतेच.
म्हणून तर खेळते मी.
हे आयगारला सांगितलेलं नाही.
इथे किल्ली सात वर्षं पडून आहे
आणि तिची सायकल बहुतेक नदीत.

काल रात्री त्याच्या बाजूने चादर सैल आली.
“पाणचक्कीपाशी अडलोय,” यंत्राकडे बघत म्हणाला,
“चार दिवस. कुठे शोधलं नाहीये. शपथ.”

पाणचक्की मला चाळीस मिनिटांत सुटली होती.
मी टोक जुळवलं, मागे सरले,
पुन्हा पुढे आले, आणि तोंडातून निसटलंच,
“पाण्याचा आवाज नीट ऐकलास का?”

जीभ चावली. दहावा सेकंदसुद्धा झाला नसेल.

“गप्प बस, माइरे,” आयगार म्हणाला,
आणि पुढची चादर उचलली.